कोरड्या क्लिपांचा लॉट

तुमच्या गाडीच्या दाराला आतून जे पॅनेल असतं, ते स्क्रूने बसवलेलं नसतं. त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या क्लिपा असतात. दाराच्या पत्र्याला भोकं असतात. त्यांत क्लिप दाबली की तिचे पाय आधी मिटतात, पत्र्यापलीकडे गेले की उघडतात, आणि टक् असा आवाज होऊन पॅनेल जागेवर बसतं. तुमचे आजोबा सैन्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही साताऱ्याचं बिऱ्हाड हलवून सांगलीला आलो आणि त्यांनी कुपवाडला दोन मशिनांचं छोटं वर्कशॉप टाकलं, ते या क्लिपांचं. मी तोवर शाळेत इंग्रजी शिकवत होते. नोकरी सोडली आणि वर्कशॉपचं पॅकिंग बघू लागले.

गेल्या महिन्यात तुमच्या बाबांनी माझ्यासमोर फोनवर तुम्हाला वर्कशॉपमधल्या माझ्या वेळेच्या तक्त्याची गोष्ट सांगितली. आजीचा तक्ता भिंतीवर असायचा, त्यात एका मिनिटाची चूक सापडायची नाही, तसा अभ्यास करा. तुम्ही हसलात. त्या तक्त्याचं एक प्रकरण तुमच्या बाबांनाही माहीत नाही, ते आता लिहिते.

मशिनमधून पडलेली नायलॉनची क्लिप कोरडी असते. तशीच पत्र्यात दाबली तर पाय कडकन मोडतो. म्हणून ती दोन तास गरम पाण्यात ठेवायची. नायलॉन पाणी पितं आणि मग लवतं. आमच्याकडे हे काम एक बाई करायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. हीटर लावलेल्या पिंपातून त्या एखादी क्लिप काढायच्या, तिचा पाय अंगठ्याच्या नखाखाली धरून कानाजवळ वाकवायच्या आणि सांगायच्या, "अजून कुरकुरती हाय. ऱ्हाऊ द्या."

मला ते पटत नसे. मी तक्ता केला. लॉट पाण्यात कधी टाकला, बाहेर कधी काढला, सही. मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई, घरी भाताला बी असाच कागद लावता का वं? साहेब जेवत्यात तरी कवा?" मशिनवरची माणसं खो खो हसली. मीही हसले, पण ते मनात राहिलं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका दुपारी लाईट गेली आणि तास-दीड तासाने आली. पिंपात लॉट होता. शिरवळच्या कारखान्याला माल न्यायला टेम्पो दारात उभा होता आणि ड्रायव्हर सारखा आत डोकावत होता. तक्त्याप्रमाणे दोन तास झाले तसं मी लॉट काढायला सांगितलं.

"आवं बाई, पानी पार कोमट झालंय," मावशी म्हणाल्या. "कोरड्या हायत अजून. तासभर द्या."

"झाकण होतं ना? तेवढ्यात काय होतंय?"

"माझं ऐका तरी."

"मावशी, दोन तास म्हणजे दोन तास. घड्याळ मी लावलंय का माझ्या मनाने?"

त्या बाजूला झाल्या. मी पिशव्या सील केल्या, तक्त्यावर वेळ घातली, सही केली. पाणी किती गरम होतं याचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. तो करावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

चौथ्या दिवशी शिरवळहून तिथले क्वालिटीचे साहेब आले. पॅनेल बसवताना क्लिपा मोडत होत्या. त्यांनी मोडलेले पाय टेबलावर ओतले आणि तक्ता मागितला. तो बघून म्हणाले, "हे तर व्यवस्थित आहे. मग पिंपावर कोण असतं?"

तुमच्या आजोबांनी मावशींकडे पाहिलं. "मावशी, पाणी गरम होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, मी बोलले असते तर पुरला असता एवढाच. मग म्हणाल्या, "माझंच ध्यान न्हवतं, साहेब."

आलेल्या साहेबांनी सांगून टाकलं की पिंपावर दुसरं माणूस दिसलं तरच पुढची ऑर्डर. आजोबांना ती ऑर्डर सोडता येत नव्हती. त्यांनी मावशींना पॅकिंगवर घेतो म्हणून सांगितलं. पॅकिंग म्हणजे माझ्या हाताखाली. त्या नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एप्रन धुऊन, घडी घालून आणून दिला आणि गेल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "सहा वर्षांत बाईने कधी चूक केली नव्हती गं." तेव्हाही मी बोलले नाही. उद्या सांगू, या महिन्यात सांगू असं करता करता त्यांचं आजारपण आलं. वर्कशॉप विकलं. त्यांना जाऊन आता चार वर्षं होतील. मी स्वतःची समजूत घालत आले होते की मावशींचा माझ्यावर जीव होता, म्हणून त्यांनी मला सांभाळून घेतलं.

तुमच्या बाबांच्या त्या फोननंतर मात्र मला राहवेना. जुन्या मशिन ऑपरेटरकडून पत्ता घेतला आणि रिक्षाने गेले. कुपवाडच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. मावशी दारात बसल्या होत्या. आमच्याकडून गेल्यावर त्यांनी हळदीच्या गोदामात काम धरलं होतं. तिथल्या धुळीने छाती धरली. बोलताना मध्येच थांबून खोकावं लागत होतं.

मी सगळं सांगितलं. लाईट गेल्याचं, टेम्पोचं, माझ्या सहीचं. शेवटी म्हटलं, "तुम्ही मला वाचवलंत."

"न्हाई वो बाई," त्या म्हणाल्या. "वाचवाय कशाला? तुमी शिकलेल्या, मालकीनबाई. कागुद तुमचा. मी खरं बोलले असते तर वर खोटारडी ठरले असते. त्यापरीस चुकले म्हनलेलं बरं."

मग त्यांनी विचारलं, "साहेबांना सांगितलं व्हतं का कवा?"

"नाही."

"त्येंनी सांगली-मिरजंला कुटं बी भेटलं तरी इचारपूस केली. पन बघायचे चुकार मानसाकडं बघावं तसं." मग आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाल्या, "आता साहेब न्हाईत. माझ्या सुनंला सांगा. भांडान झालं की ती त्येच काढती, तुमाला तर कंपनीतनं हाकललं व्हतं म्हनून."

सून आत मेथी निवडत होती. मावशींनी हाक मारली तशी हात पुसत बाहेर आली. तिच्यासमोर मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. क्लिपा कोरड्या आहेत हे तुझ्या सासूने ओळखलं होतं, माल मी पाठवला, आणि नाव त्यांचं आलं, एवढं कसंबसं पुरं केलं.

ती सासूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, कवा बोलला न्हाईसा." मग ती मला म्हणाली, "बसा की काकू. च्या ठेवते."

"नगं," मावशी म्हणाल्या. "त्यांला जायाचं आसंल."

मला कुठेही जायचं नव्हतं. पण मी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर उभी राहिले.