रिकामं डालगं अन् बर्फाचं तिकीट

माझा जबडा डाव्या अंगाला जरा सरकलेला हाय. बोलायला लागलो की समोरच्याला वाटतं, मी त्याला वेडावतोय. त्यावरून बी दोनदा मार खाल्ला. पन जबडा फुकट न्हाई सरकला. त्याच्यावर माझी भाची पार पृथ्वीच्या टोकाला, बर्फात जाऊन आली. आता तुमी म्हनाल, हमालाच्या जबड्याचा अन् बर्फाचा काय संबंध? तेच सांगतो.

मी राहुरीच्या कांदा मार्केटात गोन्या उचलतो. शाळंत दुसरीपर्यंत गेल्तो. मास्तरची नक्कल मास्तर मागं उभा असताना केली, त्यांनी असा हानला की तिसरीची हौसच फिटली. डोकं माझं चालत न्हाई, तोंड चालतं. मार्केटातले लिलाव ऐकून ऐकून पुकारा करायला शिकलो. म्हनून आमच्या चर्चच्या कापणीच्या सनाला लिलाव पुकारायचं काम माझ्याकडं. दुसरं कायबी माझ्याकडं देत न्हाईत, अन् त्यांचं बरोबर हाय.

भाची माझ्या बहिनीची. बहीन दवाखान्यात आया हाय, मालक तिचा लवकर गेला. पोरगी शाळंत असताना एकदा ऐन उन्हाळ्यात भर दुपारी गारा पडल्या. लिंबाएवढ्या. मी शहाना, गंमत म्हनून डोक्यावर घमेलं घिऊन अंगनात नाचाय निघालो. पयली गार घमेल्यावर वाजली, लोक हसले. दुसरीनं बोट फोडलं. तिसरी कानशिलात बसली अन् मी आडवा. घमेलं गेलं गडगडत. वरून दगडफेक चालूच. शेजाऱ्याच्या दोन शेळ्या दाव्याला बांधलेल्या, आरडून आरडून जागेवर मेल्या. चिंचंखाली बगळ्यांचा सडा पडला, काही पंख हापटत हुते. कांदा जमिनीत ठेचला. मला पायाला धरून बहिनीनं घरात वढला, तवा माझं डोकं उंबऱ्यावर आपटलं. म्हंजी जे गारंकडनं ऱ्हायलं हुतं ते घरच्यांनी पुरं केलं.

भाची तिथंच बसून एक गार वाटीत घिऊन बघत हुती.

"मामा, एवढा बर्फ येतो कुठून?"

"तुझ्या आज्याच्या पापातनं."

हे तिला पटलं न्हाई. तिथनं जी शिकाय लागली ती थांबलीच न्हाई. आता कृषी विद्यापीठात मातीचं शिकती.

एक दिवस घरी आली ती उड्या मारत. पार उत्तरेला, जिथं जमीन बी दगडासारखी गोठलेली असती म्हनं, तिथं मोजमाप करायला एक टोळी जानार हुती. ती जमीन आता उकलाय लागली अन् आतनं वायू सुटतो. ती माती काढायची, तपासायची. टोळीत हिची निवड झालेली. तिथलं ऱ्हानं, बोट, यंत्रं सगळं तिथल्या संशोधन केंद्राचं. पन विमानाचं तिकीट, विमा अन् त्या थंडीतले कपडे ज्याचे त्यानं बघायचे. पैसे भरायचा सोमवार ठरलेला. तवर न्हाई भरले तर जागा दुसऱ्याला.

मी इचारलं, "त्या बर्फाचा अन् आपल्या गारांचा काय संबंध?"

"सरळ नाही सांगता येत, मामा. म्हणून तर मोजायला जायचं."

शिकलेल्या मानसानं येत न्हाई म्हनलेलं मी पयल्यांदा ऐकलं. तिथंच ठरवलं, हिला पाठवायचीच.

शिर्डीला एक हॉटेलवाला वळखीचा हुता, त्याच्याकडं मी कांदा पोचवायचो. भाचीला घिऊन गेलो. तिनं त्याला सगळं समजावलं, मोबाईलवर फोटो दावले. मानूस इरघळला. गल्ल्यात हात घातला अन् मायेनं म्हनाला, "पोरी, तिकडं त्या गारठ्यात खाशील काय?"

मला गप बसता आलं असतं. मी म्हनलो, "तुमचीच भाजी न्यावी म्हनतो. ती बर्फात ठिवली काय अन् उन्हात काय, आठ दिवस तशीच ऱ्हाती."

गल्ला बंद झाला. आतनं आचारी आला. त्याच्या हातात मोठा झारा हुता, गरम. पाठीवर दोन बसले, तिसरा चुकवाय गेलो तर दारात ठिवलेल्या चपलांवर पालथा पडलो. भाची एस.टी.त राहुरीपर्यंत माझ्यापासनं दोन बाकं लांब बसली. स्टँडवर उतरल्यावर म्हनली, "मामा, इथून पुढं तू माझ्याबरोबर कुठं येऊ नको."

म्हनून मग मी एकटाच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेलो. आमच्यात कापणीच्या सनाला ज्याच्या शेतात जे पिकलं ते देवापुढं आनत्यात. ऊस, हरभरा, भोपळे, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की पटांगनात त्याचा लिलाव. अन् रीत अशी की घेनाऱ्यानं पैसे टाकायचे अन् वस्तू परत टेबलावर ठिवायची. ती पुन्हा इकायची. एकेक भोपळा पाच-सहा घरं फिरून येतो अन् पैसा देवाला जमतो. पंच म्हनाले, "चर्चचं छप्पर गळतंय अन् पैसे बर्फाला?" पाळकसाहेब म्हनाले, "छपरावर गारा कुठनं येत्यात ते बघायला चाललीय पोरगी. एका वस्तूचे पैसे तिला." ती वस्तू मी द्यायची ठरली. माझा तांबडा कोंबडा. लई भांडखोर, मलाच चार जागी टोचलेला.

आमच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ हायत. पाटाच्या पान्याच्या पाळीवरनं त्यांचं वैर. धाकट्यानं थोरल्याच्या खांद्यात फावड्याचा दांडा घातलेला, थोरल्याच्या पोरांनी धाकट्याची मोटरसायकल पेटवलेली. चर्चमधी एक उजव्या बाकावर, एक डाव्या. देव मधी. लिलावात एकानं भोपळा मागितला तर दुसरा त्याच भोपळ्यासाठी जीव टाकनार. सगळ्यांना ठावं हुतं, पन त्यांना पेटवायची हिंमत कुनात नव्हती. माझ्यात हुती, कारन हिंमत अन् अक्कल एका घरात नांदत न्हाईत.

सनाच्या दिवशी कोंबडा डालग्याखाली झाकून टेबलावर ठिवला अन् पुकारा केला. थोरल्यानं बोली लावली. मी वरडलो, "थोरल्यांनी कोंबडा नेला! पहाटं आरवंल थोरल्याच्या घरात अन् झोपमोड हुईल धाकट्याची!"

धाकट्यानं हात वर केला. थोरल्यानं वर केला. आकडा कोंबड्याच्या सात पिढ्यांच्या वर गेला. भाची बायकांत बसलेली, ती मान हलवून खुनावत हुती, बास कर. मला वाटलं शाबासकी देती.

थोरल्याची बोली झाली अन् धाकटा थांबला. तिकिटाचे पैसे झालते. कपड्यांचे ऱ्हायले हुते. मी म्हनलो, "का हो धाकटे मालक? घरात इचारायचं ऱ्हायलं का? वैनी त्या अंगाला बसल्यात, जाऊन या. मी थांबतो."

सगळं पटांगन हसलं. धाकट्याची बायको सुदीक हसली, तिथं घात झाला.

"एक वार," मी म्हनलो. "दोन वार..."

पुढं लोखंडी खुर्ची आली. ती थोरल्यासाठी हुती का माझ्यासाठी, ते अजून ठरलं न्हाई. मधी मी हुतो एवढं खरं. काडकन आवाज झाला, मला वाटलं टेबल मोडलं. तोंड मिटायला गेलो तर खालचं वरच्याला सापडंना. थोरल्याच्या पोरांनी अर्पनाच्या मोळीतनं ऊस उपसले. धाकट्याकडच्यांनी भोपळे. ऊस मानसाच्या पाठीवर मोडतो तवा त्याचं टोक सुरीसारखं हुतं. एकाचा कान फाटला, एकाच्या भुवईतनं रगत डोळ्यात उतरलं अन् त्यानं आंधळ्यासारखं स्वतःच्याच चुलत्याला हानलं. पाळकसाहेब हात जोडून मधी गेले, त्यांच्या पांढऱ्या झग्यावर अंडी अन् रगत एकच झालं. मी रांगत टेबलाखाली गेलो. तिथं आधीच तीन पंच बसलेले हुते, त्यांनी लाथ मारून मला बाहेर काढला. डालगं खाली पडलं, कोंबडा बाहेर आला अन् एवढ्या भांडखोर जनावराला पयल्यांदा भ्या वाटलेलं मी बघितलं. चार पावलं पळाला. कुनाच्या तरी बुटाखाली त्याची मान गेली.

दवाखान्यात डॉक्टरनं दातांना तारा घालून वरचं खालचं बांधून टाकलं. सांगितलं, दीड महिना तोंड उघडायचं न्हाई. गावात कुनीतरी पेढे वाटले म्हनं. बहीन नळीनं पेज पाजायची. भाची उशाला बसायची, पन माझ्याकडं बघायची न्हाई. तारीख जवळ आल्ती.

पाळकसाहेबांनी दोन्हीकडं हातापाया पडून पोलीस केस थांबवली अन् थोरल्याकडं पैशाचं काढलं. थोरला म्हनाला, "देतो. पन तीन वार कुठं झालं? असेच दिले तर गाव म्हनंल धाकट्याच्या मारानं दिले." धाकटा म्हनाला, "तीन वार झालं न्हाई तर लिलाव झालाच न्हाई." अन् त्याचं खरं हुतं. तीन वार म्हनल्याशिवाय आमच्यात भोपळा बी इकला जात न्हाई. पाळकसाहेबांनी मार्ग काढला: सोमवारच्या आदल्या रविवारी, जिथं थांबलं तिथनं पुढं, ज्यानं पुकारा सुरू केला त्यानंच पुरा करायचा.

रविवारी उपासना झाल्यावर टेबल पुन्हा मांडलं. वर नुसतं डालगं. खाली चार तांबडी पिसं ठिवली हुती, मालाचा पुरावा म्हनून. दोन्हीकडची पोरं हात पाठीमागं घिऊन उभी. पाठीमागं काय हुतं ते इचारायची गरज न्हाई.

दात मिटलेलेच ठिवून मी गेंगान्या आवाजात सुरू केलं, "दोन वार..."

"ऐकू येत न्हाई!" धाकटा गरजला. "तोंड उघडून म्हन. न्हाईतर रद्द."

थोरल्याकडचे पुढं सरकले. धाकट्याकडचे सरकले. एका उसाचं टोक दिसलं.

मी बाजूच्या मोटरसायकलची डिकी उघडली अन् पक्कड काढली. भाचीनं येऊन माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"मामा, नको. मी जात नाही. जागा सोडते मी."

मी दातातनंच म्हनलो, "बर्फ उकलतोय, मग माझं तोंड बी उकलू दे."

पयली तार तुटली तवा हिरडी संगं आली. दुसरीला डोळ्यापुढं काजवे चमकले. तिसरी तुटली अन् तोंडातनं रगताची चूळ टेबलावर, पिसांवर पडली. बायका तोंड फिरवून उभ्या ऱ्हायल्या. जबडा आपोआप खाली लोंबला. मी हातानं वर ढकलला अन् उभ्या पटांगनाला ऐकू जाईल असा वरडलो, "तीन वार!"

थोरला पुढं आला. पैसे ठिवले. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई, रिकामं डालगं उचललं. मग त्याला रीत आठवली. घेतलेली वस्तू परत ठिवायची. त्यानं डालगं टेबलावर परत ठिवलं.

सगळे माझ्याकडं बघाय लागले. डालगं पुन्हा लिलावाला आलं हुतं. माझ्या जिभंवर शंभर चिमटे तयार हुते. धाकट्याला एक शब्द टोचला असता तर आकडा आभाळाला गेला असता, अन् मागनं ऊस बी बाहेर आले असते. आयुष्यात पयल्यांदा मी कायबी बोललो न्हाई. नुसतं डालग्याकडं बोट केलं.

धाकट्यानं हात वर केला. थोरल्याच्या आकड्याला आकडा.

थोरल्यानं छाती फुगवली. तो तोंड उघडायच्या आत मी एका दमात म्हनलो, "एकवारदोनवारतीनवार!" असा लिलाव कुठल्याच मार्केटात झाला नसंल. धाकट्यानं पैसे आपटले, डालगं उचललं, जमिनीवर टाकलं अन् लाथा घालून घालून त्याच्या काड्या काड्या केल्या. जितका राग थोरल्यावर, माझ्यावर, बायकोच्या हसन्यावर हुता तेवढा सगळा त्या डालग्यावर काढला. घाम गाळत थांबला तवा परत ठिवायला कायबी उरलं नव्हतं. पोरांनी पाठीमागचे हात पुढं आनले. ऊस खाऊन टाकले.

सोमवारी पैसे भरले. कपड्यांचे बी झाले.

डॉक्टरनं मला बघून पयलं हात जोडले, मग शिव्या दिल्या. जबडा वाकडा बसला तो बसलाच.

तिकडनं भाचीनं एकदा व्हिडिओ कॉल केला. अंगात एवढे कपडे की नुसतं नाक दिसत हुतं. तिच्या शेजारी एक जन खांद्याला बंदूक लावून उभा.

"ही कशाला?"

"अस्वलं येतात मामा. बंदूक असल्याशिवाय बाहेर पडू देत नाहीत."

"मग एक इकडं धाड. पुढच्या कापणीच्या सनाला लागंल."

ती हसली, माझ्या बोलन्यावर पयल्यांदाच. मग मोबाईल फिरवून मागं दावलं. समुद्राच्या कडंला काळ्या मातीची भिंत हुती, आत बर्फाचे पट्टे. "ही बघ, हीच आम्ही मोजतोय," असं ती म्हनत हुती, तेवढ्यात भिंतीचा घराएवढा तुकडा सुटला. खाली पान्यात कोसळला तो आवाज मोबाईलमधनं राहुरीपर्यंत आला. काडकन. वळखीचा आवाज हुता. माझा हात आपसूक जबड्याकडं गेला.

"मामा, दुखतंय का?"

"न्हाई," मी म्हनलो. "तू मोज."