समुद्रभर ऐकू गेलेलं गाणं

मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसच्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे बोटवाले 'आत्या' म्हणत. त्यातले निम्मे तिच्याहून वयाने मोठे, पण समुद्रावर गेलं की माणसाला घरचं कुणीतरी लागतंच. रोज संध्याकाळी ती वाऱ्याचा अंदाज वाचायची, घरचे निरोप सांगायची आणि मग एकेका बोटीची हाक ऐकायची. माइकचं बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. हा नियम नवराबायकोच्या भांडणात असता तर किती संसार सुखाचे झाले असते, असं ती म्हणायची.

खाऱ्या हवेने ते बटण अडकायला लागलं होतं. दर वेळी नखाने वर ओढावं लागे. सेक्रेटरींना सांगून सांगून तिची जीभ झिजली होती, आणि तेही 'बघतो' म्हणायला चुकत नव्हते.

लहानपणी आत्या गायची. आई भाकऱ्या थापता थापता एकेक गाणं शिकवायची, आणि मुलीचा आवाज ऐकून शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहायचे. लग्नानंतर कुणी 'गाऊ नको' म्हणालं नाही. 'गा' असंही कुणी म्हणालं नाही. मुलं झाली, सासूचं आजारपण झालं, आणि गाणं कधी सुटलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्या संध्याकाळी अंदाज वाचून झाल्यावर ती खिडकीची काच पुसायला उठली. मिठाचा थर ओल्या फडक्याने काढताना हाताला लय सापडली आणि आईचं एक गाणं ओठांवर आलं. आधी नुसती गुणगुण, मग मोकळा आवाज. वरचा सूर अगदी जागेवर लागला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. रेडिओ इतका गप्प कसा, ही शंका तिला यायला हवी होती. तिला उलट ती शांतता हवीहवीशी वाटली.

सेक्रेटरी धापा टाकत दारात आले. "अहो आत्या, बटण! सगळा समुद्र अडवून ठेवलात!"

तिने धावत जाऊन बटण वर ओढलं. पहिला आवाज आला तो एका बोटीच्या म्हाताऱ्या तांडेलाचा.

"आमचा स्वयंपाकी गेला, आत्या. छातीत कळ आली होती. डॉक्टरला विचारायचं म्हणून कधीपासून हाका मारतोय."

त्या रात्री तिने घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "चूक स्प्रिंगची आहे, तुझी नाही." बटण दुरुस्त झालं, कारण माणूस गेल्यावर सगळं लगेच होतं. ती मात्र अंदाज वाचायची तो ओठ जेमतेम हलवून. गाणं सुटलं होतं तेच बरं होतं, असं तिच्या मनाने घेतलं.

बोट किनाऱ्याला लागल्यावर तांडेल स्वतः आला. खोटी समजूत घालणारा माणूस नव्हता तो.

"हाक लागली असती तर तो वाचला असता का, मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "पण मी चिडून रेडिओ बंद करायला गेलो, तर त्याने माझा हात धरला. म्हणाला, राहू दे, ऐकू दे. दुसरं कडवं चालू असताना गेला."

आत्याने खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

काही दिवसांनी दुपारी स्वयंपाक्याची बायको आली. आत्या उठून उभी राहिली. शिव्या मिळाल्या तर निमूट खायच्या, हे तिने कधीच ठरवून ठेवलं होतं. बाई स्टुलावर बसली, पदर सारखा केला.

"ते गाणं म्हण," ती म्हणाली.

"नाही गं, मला नाही जमायचं. कुठल्या तोंडाने म्हणू?"

"ज्या तोंडाने तेव्हा म्हटलंस त्याच. म्हण."

आत्याने सुरुवात केली. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्याच्या अर्ध्यावर ती थांबली.

बाईने तिचा हात घट्ट धरला.

"थांबू नको. त्याने इथपर्यंतच ऐकलंय. पुढचं मला ऐकू दे."