महादप्पाचा पट्टा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला फारसं काही लपवता आलं असं नाही. तुम्ही समोर बसलाय म्हणून बोलतो. मध्येच थांबलो तर टोकू नका.

निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत मी पेशकार होतो. तहसीलदारांच्या खालोखाल माझाच शब्द. शेरवानी, रुमी टोपी — काय तो रुबाब! हाताखालच्या चपराशांत एक महादप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, कमरेला सरकारी चामडी पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला तो चिंचेने घासून लखलखीत ठेवायचा. मला त्याचा राग यायचा. का? सलाम तो लवून करायचा, पण मला भ्यायचा नाही. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

साहेबांचा दौरा असला की चपराशाने आदल्या दिवशी पुढे जाऊन गावात वर्दी द्यायची — तंबूला जागा, प्यायला पाणी, पाटील हजर. हुकूम तोंडी. पेशकाराने सांगायचं, चपराशाने निघायचं. त्या खेपेला तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब, बोरीला मुक्काम करणार होते. जेवण झाल्यावर महादप्पाला सांगू, म्हटलं. जेवलो, जरा कलंडलो — आणि साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोरीला पोचलो, मागे लवाजम्यात महादप्पाही. साहेब भर उन्हात उभे. ना तंबू, ना पाण्याचा घोट, ना पाटील.

"किसकी गफलत है?" साहेबांनी एवढंच विचारलं.

आता आपली नोकरी जाणार, एवढंच मला दिसलं. मी महादप्पाकडे बोट केलं. याला सांगितलं होतं, हा काल पिऊन पडला असेल, म्हणालो. पिऊन! त्याच्या घरात दारूला कुणी शिवत नव्हतं, हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं.

"सरकार, मला कुणी सांगितलंच न्हाई," महादप्पा म्हणाला. "सांगितलं असतं तर तवाच निघालो असतो की."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेशकारापुढे चपराशाचं कोण ऐकतो? चौकशी नाही, साक्ष नाही. पट्टा उतरवायचा हुकूम झाला आणि तो मी माझ्या हातांनी उतरवला, जमलेल्या गावासमोर. बक्कल अडकलं होतं. महादप्पा पोट आत घेऊन उभा राहिला — मला सोपं जावं म्हणून.

त्याच्या लेकीची सोयरीक सोनपेठला जमली होती, ती बापाच्या सरकारी नोकरीवरच. ती मोडली. पोरगी पुढे एका बिजवराला दिली असं कानावर आलं. मी ऐकलं आणि पान लावलं.

तुम्ही म्हणाल, घाबरला बिचारा, म्हणून खोटं बोलला. थांबा. मला सांगायचं होतं ते हे नव्हेच.

काही महिन्यांनी नवे तहसीलदार आले. सरळ माणूस. महादप्पा त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी — इतक्या वर्षांत असं करणारा मी एकच पाहिला — मला बोलावून विचारलं. महादप्पा बांबूच्या चिकाच्या पडद्याबाहेर व्हरांड्यात उभा होता.

"पेशकारसाहेब, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द. याला हुकूम सांगितला होता का? नसेल तर आजच पट्टा परत देतो."

आता भीती कसली होती? कसलीच नाही. 'नाही' एवढं म्हणायचं होतं. पण मग तो रोज सकाळी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवणार, मी तो उचलणार — आणि आम्हा दोघांनाही सगळं माहीत असणार. ते मला नको होतं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "दोनदा."

दोनदा — हे कुणी विचारलं होतं? ते मी आपलं चवीला घातलं.

महादप्पा आत आला नाही. बाहेर वहाणांचा आवाज झाला आणि तो पायऱ्या उतरून गेला. मी तहसीलदारांना सलाम केला, घरी जाऊन जेवलो, रोजच्यासारखा कलंडलो. त्या दुपारी डोळ्याला डोळा लागला नाही, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण लागला. छान झोप लागली.