बदली मास्तरांची निवडणूक

आमचे इतिहासाचे मास्तर हिवतापाने आजारी पडले, तेव्हा आठ दिवसांसाठी एक बदली मास्तर रत्नागिरीच्या आमच्या हायस्कुलात आले. त्यांचं नाव विचारायचं कोणाला सुचलंच नाही. महत्त्वाचं काही बोलण्याआधी ते खडूची बोटं काळ्या कोटाला पुसत, त्यामुळे दुपारपर्यंत कोट करडा होई.

इंग्रज सरकारच्या कौन्सिलच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. एके दिवशी ते म्हणाले, "सरकारी नियमानेच आपण मॉनिटर निवडू. ज्यांचे वडील जमिनीचा सारा भरपूर भरतात, तेवढ्यांनाच मत. उभे राहा."

चाळिसांतले तिघे उभे राहिले. त्यांनी आपल्यातल्याच एकाला निवडलं. तो जयगडकडच्या खोताचा मुलगा, दोनदा नापास झालेला.

"आमी काय घोडं मारलंय?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

"काही नाही. मलाही मत नाही. पदवी आहे, पण जमीन नाही."

"मग तुम्ही हे शिकवता कशाला?"

मास्तरांनी बोटं कोटाला पुसली. "ज्यांना मत आहे, ते शिकायला येत नाहीत. कुठल्या उमेदवाराकडे जेवण चांगलं, एवढंच विचारतात."

आम्ही पोट धरून हसलो. आता वर्ग चिडेल, भांडेल, असं त्यांना वाटलं असावं, कारण ते खुर्चीत बसून आमच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात घंटा झाली. नव्या मॉनिटरचं दप्तर उचलायला दोघे धावले, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरणारा मी होतो.