दुसऱ्याच्या शेगड्यावरचा सालम

आपलं काम अर्धं टाकून दुसऱ्याच्या शेगड्याशी, म्हणजे लोखंड आवळून धरायच्या पकडीशी, जाऊन उभं राहायचं, ही सालमची खोड. बिदरच्या सरकारी हुन्नरशाळेत त्याची जागा माझ्या शेजारी होती, त्यामुळे ती सगळ्यांत जास्त भोगली मी. मी हळ्ळीखेडचा, तो थेट अरबस्तानातल्या हद्रमौतचा. चुलता बिदरला खजिन्यावर पहारेकरी, त्यानं बोलावून घेतलेला. गावच्या विहिरीवर पंप बसवायचा, एवढ्यासाठी हा पोरगा समुद्र ओलांडून शिकायला आला होता.

पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी प्रत्येकाला लोखंडाचा तुकडा देऊन कानशीनं चौकोनी करायला सांगितलं. मी मान खाली घालून घासू लागलो. शेतात आपली पात आपण काढायची, दुसऱ्याच्या पातीत डोकवायचं नाही, हे वडलांनी शिकवलेलं. सालमनं चार हात मारले, मान वर केली, आणि कोण मागं पडलंय ते हुडकून त्याच्याकडं गेला. संध्याकाळी सगळ्यांचे चौकोन झाले, ह्याचा तुकडा जसाच्या तसा. उस्ताद भडकले. हा शांतपणे म्हणाला, "पीछेवाले कू छोडके मैं कैसा आगे जाऊं? हमारे गांव में ऐसे आदमी पे थूकते."

त्याच्या गावाकडं म्हणे घर बांधायचं तर अख्खी आळी चिखल तुडवते, विटा पाडते. अमक्यानं बांधलं असं कुणी म्हणतच नाही. उस्तादांनी समजावलं, छड्या मारल्या, शेवटी कपाळाला हात लावला. सालम छडी खायचा आणि परत कुणाच्या तरी शेगड्याशी उभा.

परीक्षेला पंपाची झडप करायची होती. माझी कडा जरा तिरपी जात होती. तेवढ्यात शेजारून हात आला, कानस घेतली आणि कडा सरळ करायला लागला. हैदराबादहून आलेल्या परीक्षकांनी ते बघितलं आणि दोघांनाही बाहेर काढलं. माझं वर्ष गेलं. व्हरांड्यात मी त्याची गचांडी धरली.

"कामून आलास माझ्याकडं? बलावलो होतो का मी तुला?"

"तेरा टेढा जा रहा था," तो म्हणाला. आपलं काही चुकलं असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं. अशा माणसावर रागवावं तरी कसं?

पुढल्या वर्षी मी पास झालो, तो नापास. त्याच्या पुढच्या वर्षीही नापास. मला चिटगुप्प्यात पंप दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं. तो बिदरलाच राहिला, शाळेत नव्या पोरांच्या कडा सरळ करत.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. हैदराबाद संस्थान गेलं आणि त्याच्या चाकरीतल्या अरबांना मायदेशी धाडायचं ठरलं. चुलत्याबरोबर सालमलाही जावं लागणार होतं. निरोप घ्यायला तो कारखान्यात आला. मी विचारलं, गावच्या पंपाचं काय? तो हसला. "हर पुर्जा मालूम है. पूरा पंप एक भी नै बनाया."

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यात एक हातपंप सुटा करून ठेवला होता. मी सालमला त्याच्यापुढं बसवलं.

"हे जोडल्याबिगर उठायचं न्हाई. आन् कुणाकडं बघायचं न्हाई."

बाकीच्या कामगारांना मी घरी घालवून दिलं आणि उंबऱ्यावर बसलो. बाहेर कुणाची तरी गाडी चिखलात रुतली, तर हा निघाला उठून. मी दंडाला धरून परत बसवला. दिवस कलताना पंप जोडून झाला. हौदात पाइप सोडून त्यानं दांडा मारला. आधी नुसता खरखराट, मग भळभळ पाणी. मला वाटलं, आता तरी खूश होईल. त्यानं दांडा सोडून दिला.

"बन तो गया," तो म्हणाला. "पर हमने बनाया, ऐसा किसकू बोलूं? यहां तो मैं अकेलाच था."

ह्या माणसापुढं मी नेहमीच हात टेकले, तसेच तेव्हाही टेकले. सकाळी मोटारीपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा त्याला बजावून सांगितलं: गावात पंप बसवलास की एकदा तरी, मी केला, असं म्हण. त्यानं हो म्हणून मान हलवली. म्हणणार नाही, हे मला तिथंच कळलं.