महिन्याला दहा लेख

सपोर्टच्या कामात कुणी डायरी ठेवत नाही, तरी किस्से साठतातच. डबा उघडताना एकाने सुरुवात केली की बाकीचे आपोआप बाहेर येतात. आमच्याकडचे बरेचसे माझ्याच एका चुकीपासून सुरू होतात, त्यामुळे मला ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागतात.

सिकंदराबादच्या आमच्या ऑफिसात हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट चालतो. अडचण कशी सोडवली ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला शोधत बसावं लागत नाही. टीम लीड म्हणून टार्गेट मी ठरवलं: माणशी महिन्याला दहा लेख. दहाच का? हाताला बोटं दहा असतात, याहून मोठं कारण मला आजही सापडलेलं नाही.

पहिल्याच महिन्यात प्रवीणचे दहा पूर्ण! उघडून पाहिले तर विषय एकच, पासवर्ड कसा बदलायचा. पहिली पायरी, एक लेख. दुसरी पायरी, दुसरा लेख. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "क्या करना मॅडम, टार्गेट दिये तो पूरा कर दिया." मला रागावता येईना. मी आकडा मागितला होता, त्याने आकडा दिला.

फरहीन मात्र मन लावून लिहायची, अगदी स्क्रीनशॉटसकट. फक्त तेवढा वेळ फोन होल्डवर असायचा. शेवटी हॉस्पिटलच्या एका रिसेप्शनिस्टनेच तिला सांगितलं, की आमचं सॉफ्टवेअर केव्हाच सुरू झालंय, आता तुमचं सावकाश होऊ द्या.

महिनाअखेरीला तर लेखांचा पूर यायचा. एकदा प्रिंटरच्या एकाच बिघाडावर चार लेख आले, चौघांचे. चौकशी केली तर चौघांनीही कांबळेकाकांना विचारून लिहिले होते.

कांबळेकाका आमच्यातले सगळ्यात जुने. वडील नांदेडहून इकडे आलेले. त्यांच्या स्वतःच्या नावावर लेख शून्य. मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. तासाभरात एक ओळ झाली, तीही त्यांनी खोडली.

"मॅडम, फोनवर मी विचारतो, कोणता दिवा लागलाय, आवाज कसला येतोय. मग सुचतं. इथं समोर कुणीच नाही ना."

मला फार वाईट वाटलं. पुढच्या महिन्यापासून टार्गेट दोनवर आणलं. दुसऱ्याचा लेख दुरुस्त केला किंवा तोंडी सांगून कुणाकडून लिहून घेतला, तरी तो धरायचा असं ठरवलं. पण कामावरून कुणाला कमी करायचं याची यादी वरच्या लोकांनी जुन्या आकड्यांवरून आधीच बनवली होती. पहिलंच नाव काकांचं. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि त्या यादीला कारण माझी दहा बोटं.

यादी घेऊन डायरेक्टर साहेब स्वतः आले. म्हणाले, कांबळेंना बोलवा. मी म्हटलं, सर, आधी एकदा सगळ्यात जास्त उघडला जाणारा लेख बघा. तो प्रवीणचा निघाला, कधीतरी आकडा भरायला टाकलेला. साहेबांनी मोठ्याने वाचला:

"कशानेच जमलं नाही तर कांबळे सरांना विचारा. एक ते दोन विचारू नका, ते जेवतात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. त्यांनी यादी टेबलावर पालथी ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

"दोन वाजता आपणच जाऊ त्यांच्याकडे."