आशीर्वादानंतर मी कॅमेरा बंद करतो

मित्रांनो, जेवण झालं, पण मन कशातच लागेना म्हणून लिहितोय.

आमच्या सांगलीतल्या चर्चची रविवारची उपासना आता मोबाईलवर लाइव्ह दिसते. कॅमेरा मी सांभाळतो. आमच्या चर्चमधल्या वयस्कर सुशीलामावशींचे गुडघे गेलेत. पूर्वी आमच्यापैकी कुणीतरी त्यांना गाडीवर बसवून आणायचं. गेल्या वर्षी लाइव्ह सुरू झालं आणि आम्हीच म्हणालो, "मावशी, आता घरबसल्या उपासना!"

आज उपासनेनंतर त्यांच्याकडे गेलो. कौतुक ऐकायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

"लय ब्येस दिसतंय रं," त्या म्हणाल्या. "कॅमेरा मागं हाय न्हवं? समद्यांच्या पाठी दिसत्यात. आता पाठीवरनंच वळखती मी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"पर पाळकांनी आशीर्वाद दिला की तू बंद करतोस. मग दारात तुमी एकमेकांना सलाम करता, त्ये न्हाई दिसत. मी आपली बंद फोनापुढं एकेकाचं नाव घिऊन सलाम म्हणती."

आशीर्वाद झाला की उपासना संपली, असंच मी धरून चाललो होतो. दारात हातात हात घेऊन आम्ही ख्रिस्ती लोक करतो तो सलाम मला नुसती बाहेर पडायची गर्दी वाटायची.

निघताना मी हात पुढे केला. मावशींनी तो दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. "सलाम, लेकरा. वरीस झालं रं."

तुमच्याही चर्चमध्ये लाइव्ह असेल. जरा आठवून सांगा, घरून बघणाऱ्यांपैकी कुणाचा हात हातात घेऊन तुम्हाला किती दिवस झाले?